रक्षाची सुई बंद होऊ नये म्हणून

मी, अंबाजी भरमा आवळे, वय वर्षे एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा सुतारकाम, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, नजर अधू आहे आणि रंधा धरणारा हात अजून थरथरत नाही. उद्या सकाळी हृदयाच्या ऑपरेशनसाठी मला बेळगावात दाखल व्हायचं आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. पण काळजी करू नका म्हणणाऱ्यांवरचा माझा भरवसा उडालेला आहे, म्हणून आजच लिहितो. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे. खुशी हा शब्द वकिलांनी घालायला सांगितला. खुशीचं यात काही नाही.

१. निपाणीतलं राहतं घर, पुढच्या कामाच्या पडवीसह, माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. ते माझी नात रक्षा हिला मिळावं. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक नागेंद्र यांनी भर उपासनेत सांगितलं होतं की, प्रभूने त्यांना हे घर प्रार्थनागृह म्हणून दाखवलं आहे. प्रभूला दाखवायचंच असतं तर त्याने घरमालकाला आधी दाखवलं असतं. या घरावर मंडळीचा किंवा पाळकाचा कसलाही हक्क नाही.

२. रक्षा अकरा वर्षांची आहे. तिचा बाप ती तान्ही असताना गोव्याला गेला तो गेलाच. आई पूर्णिमा, माझी एकुलती एक लेक, चार वर्षांपूर्वी वारली. रक्षालाही आईसारखीच साखर आहे. तिला रोज इन्सुलिनची सुई लागते. ती सज्ञान होईपर्यंत घराची आणि बँकेतल्या माझ्या बचतीची व्यवस्था माझी बहीण अक्काताई, राहणार कॅम्प, बेळगाव, हिने पाहावी. त्या पैशातून आधी सुई, मग शाळा, मग उरलं तर बाकीचं. रक्षानेही तिच्याजवळच राहावं. मुलीचा ताबा ठरवणं कोर्टाच्या हातात आहे, असं वकील म्हणतात. कोर्टाने ठरवायच्या आधी हे सगळं वाचावं, एवढीच विनंती.

रक्षा सध्या अक्काताईकडेच आहे. गेल्या महिन्यात पाळक नागेंद्र घरी आले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजपासून ही मुलगी बरी झाली. सुईची गरज नाही." माझी बायको जयाबाई 'आमेन' म्हणाली. मी त्याच दिवशी रक्षाला एस.टी.त बसवून बेळगावला नेलं.

३. हे कलम मालमत्तेचं नाही. तरी ते इथेच राहील.

माझे आप्पा मिशनच्या सुतारशाळेत शिकले. मंडळीत कुणी वारलं की पेटी ते करायचे. त्यांच्यामागे मी केली. आमच्या घरची रीत अशी की एका पेटीला पुरतील एवढ्या वाळलेल्या फळ्या माळ्यावर कायम ठेवायच्या, कारण ओल्या लाकडाची पेटी कबरेत उतरवण्याआधीच उकलते. जिवंत माणसाला माप लावायचं नाही. माणूस गेल्यावर सुतळीने माप घ्यायचं आणि ती सुतळी पेटीतच ठेवायची. मंडळीकडून मी लाकडाखेरीज कशाचे पैसे घेतले नाहीत.

नागेंद्र आले आणि शिकवू लागले की आजार म्हणजे पाप आणि औषध म्हणजे अविश्वास. मी तेव्हा मंडळीचा एल्डर होतो. चुकीची शिकवण मंडळीत शिरू न देणं हे एल्डरचं पहिलं काम, वर्गणी गोळा करणं दुसरं. मी उपासनेनंतर उभा राहून विचारलं, "पाळक, शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. त्याला प्रेषितांनी हाकलून दिलं होतं का?" ते हसून म्हणाले, "अंबाजीअण्णा, तुमचा धंदा पेट्यांचा. लोक बरे झाले तर तुमचं कसं व्हायचं?" सगळी मंडळी हसली. ज्यांच्या आईबापांच्या पेट्या मी केल्या तीही हसली. ते हसणं मी विसरलेलो नाही आणि माफही केलेलं नाही. माफ करावं हे मला ठाऊक आहे. अजून जमलेलं नाही.

पूर्णिमाने सुई सोडली. मी ओरडलो, पाया पडलो. ती म्हणाली, "आप्पा, तुमच्या शंकेनंच माझा इश्वास कमी पडतोय. जरा गप बसा की." ती अंथरुणाला खिळल्यावर पाळकांनी जयाबाईला सांगितलं की माळ्यावरच्या फळ्यांनी घरात मरणाला बोलावणं धाडलं आहे, त्या गेल्या की पोरगी उठेल. मी मुरगूडला कामावर होतो. जयाबाईने फळ्या खाली काढून दिल्या. मंडळीच्या प्रीतिभोजनाच्या चुलीत त्या जळल्या. मी परत आलो तेव्हा लोक जेवत होते. मलाही पत्रावळ वाढली.

पूर्णिमा शुक्रवारी गेली. पाळकांनी पुरू दिलं नाही. रविवारी ती उठणार, असं जाहीर केलं. एप्रिल महिना होता. लोक गाणी म्हणत राहिले आणि मी बर्फ आणत राहिलो. रविवारी दुपारी पाळक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या घरात एक अविश्वासी आहे, म्हणून प्रभूचा हात आखडला," आणि निघून गेले. मग पुरायचं काम अविश्वाशाकडे आलं. फळ्या नव्हत्या. मी आतल्या खोलीचं दार उतरवलं आणि त्याची पेटी केली. त्या खोलीला आजही दार नाही, पडदा आहे.

लाजराच्या कबरेशी प्रभू रडला. तुमच्या विश्वासात खोट होती म्हणून भाऊ मेला, असं त्याने बहिणींना सांगितलं नाही. मी ज्या प्रभूला मानतो तो हा. नागेंद्र ज्याचं नाव घेतात तो कोण, मला माहीत नाही.

४. माझी बायको जयाबाई हिला स्वयंपाकघर आणि आतली खोली हयातभर वापरता यावी आणि दर महिन्याला तिच्या जेवणाखाण्यापुरते पैसे अक्काताईने बचतीतून द्यावेत. अटी दोनच. या घरात नागेंद्र यांची प्रार्थनासभा होऊ नये. रक्षाच्या औषधाला तिने हात लावू नये. तिच्याशी माझं चार वर्षं कामापुरतंच बोलणं आहे. पण बेचाळीस वर्षं तिने केलेली भाकरी खाल्ली आहे, ती नाकारता येत नाही.

५. रंधे, पटाशा, करवती आणि कामाचा बाक येळ्ळूरच्या मष्णूला द्यावा. तो माझ्या हाताखाली शिकला, आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. तो ख्रिस्ती नाही. पूर्णिमाची पेटी करताना दाराचं दुसरं टोक त्याने धरलं होतं, आणि मंडळीतलं कुणीही नव्हतं. माझ्या पेटीच्या फळ्या त्याच्याकडेच ठेवल्या आहेत. या घरात ठेवायची मला भीती वाटते.

६. एल्डर युवराज, माझा बालमित्र, याला काही नाही. मला एल्डरपणावरून काढायच्या ठरावावर त्याची सही आहे. तेव्हा तो मला म्हणाला होता, "अंबाजी, तुझं खरं हाय रं. पर गर्दी किती वाढलीया बघ की. आता कशाला मोडता घालतोस?" खोटं आहे हे कळून जो गप्प बसला त्याच्यावर माझा राग नागेंद्रवरच्या रागापेक्षा जास्त आहे.

७. पाळक नागेंद्र यांनी माझ्या दफनाला यावं, मागे उभं राहावं आणि तोंड उघडू नये. कॅम्पातल्या म्हाताऱ्या पाळकांना बोलवावं. मला उठवायचा प्रयत्न कुणी करू नये. मी प्रभू बोलावील तेव्हा उठेन, निपाणीच्या मंडळीच्या सांगण्यावरून नाही. मी विश्वासात कमी पडलो म्हणून मेलो, असं कुणी म्हटलं तर अक्काताईने त्याला तिथल्या तिथे खोटारडा म्हणावं. तिला ते चांगलं जमतं.

सह्यांबाबत. साक्षीदार दोन लागतात. शेजारी ज्योतिबा आले. गल्लीतला दुसरा साक्षीदार आज सकाळी कबूल झाला आणि दुपारी फिरला. आवळेच्या कागदावर सही करील तो मंडळीबाहेर, असं पाळकांनी कळवलं म्हणे. माझी नजर अधू, म्हणून ज्योतिबांनी सगळा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. जयाबाई पडद्याशी उभी राहून ऐकत होती. तिसरं कलम मी तिला तोंडाने कधी सांगितलं नव्हतं.

ज्योतिबा म्हणाले, "थांबा अण्णा, माझ्या भावाला बोलावतो." जयाबाई पुढे आली. "नगं. मी करतो सही."

मी तिला सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. वकिलांनी मला हे बजावून सांगितलं होतं. सही केलीस तर चौथं कलम गेलं, उद्या तुला या घरातून कुणी बाहेर काढलं तर कागद तुझ्या बाजूने बोलणार नाही.

ती म्हणाली, "व्हय, कळलं. म्या एकीला घालवली. दुसरीच्या घरात मला कशाला पायजे हिस्सा? मी सही केली म्हंजी उद्या पाळकाला म्हणता यायचं न्हाई, की म्हाताऱ्यानं लपूनछपून केलं. पोरीची सुई चालू ऱ्हाऊ दे."

ज्योतिबांनी पेन दिलं. मी जागा दाखवली.

चौथं कलम कायद्याने रद्द होत असेल तर होऊ दे. मी ते खोडलेलं नाही.

मृत्युपत्र करणार: अंबाजी भरमा आवळे (सही)

दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.

साक्षीदार:
१. ज्योतिबा, शेजारी, शेतकरी (सही)
२. जयाबाई अंबाजी आवळे, पूर्णिमाची आई (सही)

निपाणी, मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५