हळदीसाठी धाडलेले तेल

॥ श्री ॥

सूयाक, पौष वद्य १०, शके १७८७

राजमान्य राजश्री गोवर्धनदाजी यांस परशुरामाचा सा. न. वि. वि. चि. सौ. गंगेस अ. उ. आ.

येथील क्षेम, म्हणजे माझा गुडघा सोडून सर्व क्षेम. तिथी मी बोटांवर मोजून लिहिली आहे. चुकली असल्यास तुमच्याकडच्या भटजींस विचारून सुधारून घ्यावी.

गंगेने कळवले होते की तुमच्या बलरामाच्या हळदीत नुसते खोबरेल नको. तिच्या लग्नात आईने वाळ्याचे तेल घातले होते, तसा वास त्रियोलेत सुटला पाहिजे. माझी चंपा आता तिची सून होणार. मुलीच्या बापाने नाही म्हणावे कसे? म्हणून सोबत एक बाटली धाडली आहे.

उसाच्या बांधाला या बेटावर वाळा लावतात, पाऊस माती नेऊ नये म्हणून. त्याची मुळे मी आणि चंपाने खणली, सात पाण्यांत धुतली, दोन दिवस भिजत घातली. आमच्या मळ्याची मालकीण मादाम, तिच्या परसात तांब्याचे मोठे भांडे आहे, त्यास येथील लोक लांबिक म्हणतात. त्यात मुळे शिजतात, वाफ नळीतून गार पाण्याखालून जाते आणि शेवटी पाण्यावर तेल तरंगते. तीन पोती मुळांचे एवढेसे. त्यात दालचिनीच्या पानांचे तेल घातले आहे, अंगास ऊब यावी म्हणून. गवती चहाचे घातले आहे, मांडवात डास येऊ नयेत म्हणून. आणि मादामच्या बागेतल्या पिवळ्या लोंबत्या फुलांचे थोडे. ते झाड दूरच्या पूर्वेच्या बेटांवरून आणलेले असे म्हणतात, पण वास घ्याल तर शपथेवर सांगाल की हा आपल्या हिरव्या चाफ्याचा मावसभाऊ.

आता मला घोर बाटलीचा. क्युरपिपपर्यंत बैलगाडी ठीक, पण पुढे ती नवी आगगाडी. तेल धक्क्याने तापून बूच उडाले तर? म्हणून बुचावर मेण, मेणावर फडके, फडक्यावर सुतळी केली आहे. बाटली उभी ठेवावी, आडवी ठेवू नये. उन्हात ठेवू नये. देवाजवळ ठेवल्यास निरांजनापासून लांब ठेवावी. उंदीर वासाला भुलतात किंवा भुलत नाहीत, मला नक्की ठाऊक नाही, तरी जपावे.

आणखी काही सांगायचे राहिले असे वाटते, पण कागद संपला. लोभ आहे तो उणा पडू देऊ नये.

परशुराम


त्रियोले, माघ शुद्ध ५, शके १७८७

तीर्थस्वरूप परशुरामदादा यांस गोवर्धनाचा शि. सा. न. वि. वि. पत्र गंगेच्या सांगण्यावरून लिहीत आहे, टोमणे मात्र माझे आहेत.

बाटली सुखरूप पोचली. सुतळी सोडवण्यास मला आणि बलरामाला जेवणाची वेळ पुरली नाही. गंगेने वास घेतला आणि खाली बसली. म्हणते, आई मागच्या दारी उभी आहे असे वाटले. मग अर्धा दिवस कोणाशी बोलली नाही, तेव्हा तुमचे उपकार माझ्यावरही झाले.

हळद माघ शुद्ध १२, शनिवारी लावण्याचे ठरले आहे. लग्न त्यानंतर आठ दिवसांनी, वद्य ५, रविवारी तुमच्या दारी. तुम्ही म्हणाल इतक्या आधी हळद कोठे असते. पण नवऱ्या मुलाची उष्टी हळद नवरीला लागायची, आणि त्रियोलेहून सूयाकला ती पोचायची, मध्ये गाड्या, घाट आणि क्युरपिपचा चिखल. गावाकडे दोन घरांत एक पाणंद असे, येथे अख्खे बेट आहे. भटजींनी मान हलवली आहे. ती होकाराची होती असे आम्ही धरले आहे.

चंपेस तिच्या आत्याचा आशीर्वाद. बलराम हल्ली दिवसातून दोनदा केस विंचरतो. लोभ वाढवावा, काळजी वाढवू नये.

गोवर्धन


सूयाक, माघ शुद्ध १०, शके १७८७. अत्यंत निकडीचे.

रा. रा. गोवर्धनदाजी यांस सा. न. वि. वि. चि. सौ. गंगेस आशीर्वाद. हे पत्र उभ्या उभ्या वाचावे.

तेल लावू नये! राहिले होते ते हेच. काल मादामकडे एक पाहुणी आली, तिने दालचिनीच्या तेलाचा एक थेंब, एकच, कानामागे लावला. संध्याकाळपर्यंत कान पिकल्या तोंडल्यासारखा झाला. मादाम मला बोलली की हे तेल नव्हे, तेलाचा जीव आहे, ते निखळ अंगाला लावीत नाहीत हे तुला बारा वर्षांत कळू नये का. मला कळते. कळते म्हणूनच लिहायचे राहिले. आपल्याला ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक असते असे वाटते.

माप असे: एक शेर खोबरेलात दहा थेंब. दहा म्हणजे दहा, गंगेच्या हाताचे दहा नव्हेत. तुमच्याकडे तर आख्खी बाटली आहे आणि हळदीत तेल ओंजळीने ओततात! लावलेच असल्यास आधी अंग जळू लागते, मग लाल चट्टे, मग फोड, मग कातडी सोलते असे ऐकतो. पाणी लावू नये, खोबरेल चोळावे, वर दह्यात तांदळाचे पीठ. उन्हात नेऊ नये. डोळ्यांना हात लावू देऊ नये. माझ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा आणि माझा होणारा जावई मी स्वतःच्या हाताने भाजला, असे बेटभर होईल आणि चंपेचे लग्न मोडेल. अन्न गोड लागत नाही. चंपा जवळ नाही, मादामकडे गेली आहे. तिला हे अजून सांगितलेले नाही.

लोभ राहील की नाही हे आता तुमच्याकडे.

परशुराम


त्रियोले, माघ शुद्ध १४, शके १७८७

ती. परशुरामदादा यांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे निकडीचे पत्र पावसामुळे क्युरपिपला अडकून काल, रविवारी दुपारी पोचले. हळद शनिवारी सकाळी झाली होती.

घडले तसे लिहितो. पाच सवाष्णींनी बलरामाला पाटावर बसवले, हळदीत तुमची पाऊण बाटली ओतली आणि मुलाला नखापासून शेंडीपर्यंत माखले. उरलेल्या हातांनी एकमेकींना फासले, मलाही सोडले नाही. वास असा की रस्त्यावरचे गाडीवान बैल थांबवून विचारीत होते. शनिवार गेला, रात्र गेली, रविवारची सकाळ गेली. कोणाला काही नाही. बलरामाचे अंग तर लोण्यासारखे झाले, गंगा दृष्ट काढीत होती.

मग तुमचे पत्र आले, आणि मी मूर्खाने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले.

चट्ट्यांपर्यंत आलो तेव्हा बलराम मान खाजवू लागला. फोडांपर्यंत आलो तेव्हा पाचही सवाष्णी हात खाजवीत होत्या. कातडी सोलण्याचे वाक्य संपेपर्यंत मी स्वतः दाराच्या चौकटीला पाठ घाशीत होतो. शेजारची बसंती हळदीला आलीच नव्हती, कुंपणावरून तिने नुसते ऐकले, तिला सर्वांत जास्त खाज. मग दही संपले. शेजारचे दही संपले. सध्या आमचे घर म्हणजे पीठ लावून ठेवलेल्या बोंबलांचा घाणा दिसतो.

हसण्यासारखे इथवर. पुढचे हसण्यासारखे नाही. उष्टी हळद वाटीत काढून ठेवली होती, ती बलरामाने उचलली आणि कोणाला देत नाही. म्हणतो, माझे काय व्हायचे ते होवो, पण हे चंपेच्या अंगाला लागू देणार नाही. गंगेने समजावले, मग रडली, मग मला बोलली. नवी हळद कालवावी तर भटजी म्हणतात ती उष्टी कशी होईल, मुलाला हळद एकदाच लागते. आणि उष्ट्या हळदीवाचून नवरीला हळद नाही, हळदीवाचून लग्न नाही. वाटी शुक्रवारच्या सकाळच्या आगगाडीने निघाली तरच वेळेवर पोचेल. काय करावे ते लवकर कळवा. आम्हांस खरेच भाजले आहे की नाही, हेही कळवा. आमच्याने ठरत नाही.

गोवर्धन


सूयाक, माघ वद्य १, शके १७८७

रा. रा. गोवर्धनदाजी यांस सा. न. वि. वि. गंगेस आशीर्वाद. तुमचे पत्र आणणारा माणूस दारात उभा आहे, हे त्याच्याच हाती धाडतो.

तुमचे पत्र चंपेला वाचून दाखवणे भाग पडले. ती आधी हसली, मग रागावली, आता माझ्यासमोर बसून सांगते आहे आणि मी लिहितो आहे.

ती म्हणते, मी मेण आणण्यास मादामकडे गेलो होतो तेव्हा तिने बाटलीतले तेल काढून घेतले, तळाशी थोडे ठेवले आणि वर खोबरेल भरले. म्हणते, बाबा माप लिहायला विसरणार हे तिला ठाऊक होते, कारण बाबा बुचाबद्दल बोलत होते. मी विचारले, मला सांगितले का नाहीस? तर म्हणते, सांगितले असते तर तुम्ही भीतीने आणखी दोनदा पातळ केले असते आणि आत्याकडे नुसते खोबरेल पोचले असते. बारा वर्षे लांबिक मी राखले, आणि ही पोर माझ्या पाठीमागे माप धरते! काढलेले तेल तिने फळीवर दाखवले. आहे खरे.

ती सांगते की बलरामाला म्हणावे वाटी सोड. तो इतका घाबरट आहे हे आधी कळते तर विचार केला असता. हे शब्द तिचे आहेत, मी नुसता लिहिणारा.

आता ती पाणी आणण्यास उठली आहे, म्हणून माझे दोन शब्द. तिने थेंब मोजले असतील का? पोरीचा हात, चुकून जास्त राहिले असेल तर? बलराम शहाणा मुलगा आहे. त्याला नीट पाहून ठरवू द्यावे. ती आली.

परशुराम


त्रियोले, माघ वद्य ३, शुक्रवार पहाट

ती. परशुरामदादा यांस शि. सा. न. वि. वि. दोन सवाष्णी वाटी घेऊन निघत आहेत, त्यांच्याच हाती हे.

पत्र काल सकाळी मिळाले. या वेळी मी आधी मनात वाचले. चंपेचे शब्द मोठ्याने वाचले, तुमचे दोन शब्द गाळले. पण बलराम तुमचाच भाचा. त्याने बाटलीत उरलेले सगळे तेल दोन्ही दंडांना चोळले आणि अंगणात भर उन्हात जाऊन उभा राहिला. गंगा ओरडली, गडीमाणसे हसली, हा हलला नाही. तिसऱ्या प्रहरी आत आला, दंड मला दाखवले, आईला दाखवले, भटजींनाही दाखवले. एक चट्टा नाही. मग वाटी स्वतः फडक्यात बांधून दिली. चंपेला एवढेच सांगा म्हणाला की आधी लावून पाहिली आहे. हा निरोप मुलीच्या बापाकरवी द्यावा की नाही, मला कळत नाही. तुम्हीही अडखळाल, पण द्यावा.

बसंतीची खाज अजून आहे. लग्नात भेटू, तोवर लोभ ताजा ठेवावा.

गोवर्धन


सूयाक, माघ वद्य ४, शनिवार

रा. रा. गोवर्धनदाजी आणि चि. सौ. गंगा यांस सा. न. वि. वि. आणि आशीर्वाद. हे पत्र टपालाने धाडत नाही. उद्या तुम्ही मांडवात आलात की स्वतः हातात देईन, कारण तोंडाने माझ्याने बोलवणार नाही.

वाटी पोचली. मी म्हटले, आधी माझ्या मनगटाला लावून पाहू. चंपेने वाटी ओढून घेतली. तेव्हा निरोप दिला. दोनदा द्यावा लागला. ती पाटावर जाऊन बसली आणि बायकांना म्हणाली, भरपूर लावा. आज दिवसभर मी तासातासाने तिच्या कपाळाकडे पाहतो आहे. काही झालेले नाही. उजळली आहे.

मागणे एवढेच. परसात जागा असेल तर तिला एक लहानसे तांब्याचे भांडे बसवून द्यावे, मी नळी आणून देईन. बांधावर वाळा लावावा. ती भांड्यापाशी असेल तेव्हा तिला स्वयंपाकाला हाक मारू नये, वाफ जाते. आणि यापुढे तेलाबद्दल, मापाबद्दल काही विचारायचे झाल्यास मला पत्र लिहू नये. ती तुमच्या घरातच आहे.

परशुराम