भाऊ मंत्री होईपर्यंत अनवाणी

२७ मे, दुपार

माझं आयुष्य बदललं ते आज मतमोजणीच्या सतराव्या फेरीला. सोळाव्या फेरीपर्यंत आप्पा पुढे होते आणि मी मोबाईलला शिव्या देत होतो. सतराव्याला भाऊ पुढे गेले. हे लिहून ठेवतोय, कारण पुढे मुलाखतीत नेमका क्षण विचारतात.

भाऊ खासदार. आप्पा घरी. आप्पा म्हणजे ज्यांच्या कारखान्याच्या पेंडीत भुसा निघाला आणि ज्यांना मी दोन महिने माइकवरून 'पेंडचोर' म्हणत होतो ते. घसा बसला, पण देश वाचला.

२७ मे, संध्याकाळ

गुलाल, डीजे. मिरवणूक मुद्दाम श्रीमंतकाकांच्या कृषी सेवा केंद्रासमोर थांबवली. काका म्हणजे आप्पांचा आमच्या गावातला मुख्य माणूस. शटर अर्धं ओढून बसले होते. फटाक्यांची सगळ्यात लांब माळ तिथेच लावली.

काउंटरवर त्यांची मुलगी दिशा होती. धुरात तिने तोंडावर ओढणी धरली. लाजली. दहावीपर्यंत एका वर्गात होतो, पण अशी लाजताना पहिल्यांदा पाहिली. आमच्याच पक्षातला सुनील म्हणतो, तिला ठसका लागला होता. सुनीलला प्रेमातलं काही कळत नाही.

२८ मे

गावाच्या प्रतिक्रिया ऐकल्या. कीव येते.

आप्पांची माणसं म्हणतात मशीनमध्ये गडबड. एकजण म्हणे, बटण आप्पांचं दाबलं आणि चिठ्ठी भाऊंची आली. विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीस. तर म्हणे घाईत होतो, कांदा भरायला टेम्पो आला होता. असल्यांना मताचा अधिकार दिलाय.

आमची माणसं त्याहून थोर. मतदानाच्या दिवशी दुपारी ढाराढूर झोपलेले काल डीजेपुढे. 'भाऊ पडत्यात, गप घरी बस' असं मला सांगणाऱ्याच्या बुलेटवर आज भाऊंचा फोटो.

दिल्लीत कुणालाच धड बहुमत नाही. आमच्या पक्षाला थोडे कमी पडतात, ते कुठूनतरी येतील. सरकार आमचंच. भाऊ मंत्री होणार, मी त्यांचा पीए होणार, मग श्रीमंतकाका स्वतः दिशासाठी आमच्या दारात येणार. याच क्रमाने.

आमचे वडील, अण्णा, म्हणाले, बी.कॉम. अर्ध्यात सोडलंस ते सोडलंस, निदान गोठ्यात तरी हात लाव. मी म्हणालो, मला दिल्लीला जायचंय, तिथे गोठा नसतो. म्हणाले, टीव्हीवर तर रोज दाखवत्यात. अण्णांना राजकारण कळत नाही.

३० मे

विजयी सभा. सुनीलने माइक घेऊन जाहीर केलं, भाऊ मंत्री होईपर्यंत दाढी करणार नाही. टाळ्या. सुनीलच्या हनुवटीवर मोजून चार केस आहेत. एवढ्यावर टाळ्या.

बायकांच्या बाजूला दिशा उभी होती. आजीला, छबूबाईंना, न्यायला आलेली. आजी कुठल्याही पक्षाची सभा सोडत नाहीत, शेवटी जेवण असतं.

दिशाला पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. माइक ओढून घेतला. म्हणालो, भाऊ मंत्रिपदाची शपथ घेईपर्यंत हा आदिनाथ पायात चप्पल घालणार नाही. आणि तिथल्या तिथे चपला काढून गर्दीत भिरकावल्या. नव्या होत्या. परत मिळाल्या नाहीत.

भाऊंनी पाठीवर थाप मारली आणि नाव काय तुझं, असं विचारलं. चार वर्षं त्यांच्या मागे फिरतोय. भाऊंना गंमत करायची सवय आहे.

असा पण पुरा झाला की नेता भर सभेत आपल्या हाताने कार्यकर्त्याच्या पायात चप्पल घालतो. पेपरात फोटो येतो. शेजारच्या तालुक्यातल्या एकाने तो फोटो फ्रेम करून हॉटेलात लावलाय. त्याच्या मिसळीला चव नाही, पण लोक जातात.

३१ मे

डांबर तापलंय. संकल्प : सावलीतून चालायचं. रस्त्याला झाड नाही. याला आप्पा जबाबदार.

टाचेत बाभळीचा काटा. आई सुईने काढत होती आणि पुटपुटत होती की शपत त्यो घेनार, खुर्ची त्याला, आन भाजत्यात माझ्या लेकराचे पाय. आई फार भावनिक आहे.

पायांचा फोटो स्टेटसला टाकला. दिशाने सगळ्यात आधी पाहिला. काही लिहिलं नाही. भावना जास्त झाल्या की शब्द सुचत नाहीत.

तिच्या दुकानावरून तीनदा गेलो. ती काउंटरवर मान खाली घालून बिलं करत होती. चौथ्यांदा गेलो तर तिने दुकानापुढच्या डांबरावर बादलीभर पाणी ओतून ठेवलं होतं. धूळ फार उडते तिथे. पाय गार पडले, बरं वाटलं. पण तिने वर पाहिलं नाही, त्यामुळे चक्कर फुकट.

१ जून

भाऊ शिर्डीहून विमानाने दिल्लीला. आम्ही टेम्पोने निरोपाला. रस्त्यात बाबांच्या दर्शनाला पायी चाललेल्या भाविकांत मी मिसळलो. एका बाईने हातात दोन केळी दिली आणि पाया पडली. कुठून चालत आलात, विचारत होती. माझ्या चेहऱ्यावर नेतृत्व दिसायला लागलंय.

भाऊंनी गाडीची काच खाली केली नाही. आत एसी असतो.

२ जून

स्टँडवर फ्लेक्स लावला. 'केंद्रीय मंत्रिपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मध्ये भाऊ, कमरेपर्यंत, हात जोडून. खाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून मी, गॉगलमध्ये. सुनील म्हणाला, शपथ तर होऊ दे. या असल्या विचारांमुळेच सुनील मागे राहिला.

३ जून

शपथविधी. ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे अख्खं गाव. फटाक्यांची पोती आमची, तयार.

एकेक जण उठून शपथ घेत होता. एकाच्या मागे चौकशी लागलेली, तो मंत्री. एक परवाच पक्षात आलेला, तो मंत्री. एकाला समोरचा कागद धड वाचता येईना, तोही मंत्री. गाव प्रत्येकाला टाळ्या वाजवत होतं. यांच्यापुढे उद्या बुजगावणं उभं केलं तरी हार घालतील.

मग आप्पा उठले.

पडलेले आप्पा. त्यांच्या पक्षाने काल आमच्या पक्षाला पाठिंबा दिला म्हणे, आणि बदल्यात मंत्रिपद घेतलं. खासदार नंतर करून घेतात, राज्यसभेच्या मागच्या दाराने. निवडून आलेले भाऊ पाहुण्यांच्या तिसऱ्या रांगेत दिसले. टाळ्या वाजवत होते.

छबूबाईंनी तेवढं विचारलं, आरं, ह्यो तर पडला हुता ना. गावात प्रश्न पडलेली एकटी बाई. पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

कारण बाहेर माळ सुरू झाली होती. सुनीलने लावली. आमचीच. म्हणाला, आणलेत तर वाया कशाला घालवायचे, मंत्री तर मिळाला तालुक्याला. श्रीमंतकाका त्याच्या गळ्यात पडून रडत होते. आनंदाने.

मी अनवाणी घरी आलो.

४ जून

आप्पांना खातं मिळालं. पशुसंवर्धन.

अण्णा गोठ्यात जाऊन गायींना सांगून आले. म्हणाले, त्यांनी मान फिरवली.

टपरीवर सगळं उलटं झालंय. कालपर्यंत मशीनला शिव्या देणारे म्हणतात, मशीन एकदम क्लीन. आमचे म्हणतात, मशीनमध्ये काहीतरी आहे. अरे, पण आपण जिंकलोय. कुणाला आठवत नाही. भुशाबद्दल विचारलं तर म्हणतात, भुसा पचनाला चांगला असतो.

५ जून

स्टँडवर गेलो तर फ्लेक्स तोच. फक्त भाऊंच्या धडावर आप्पांचं तोंड चिकटवलंय. खाली शुभेच्छुक मी, गॉगलमध्ये. कंडक्टरपासून सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. फ्लेक्स फाडायला वर चढलो, पत्रा तापलेला होता, पाय भाजले, उतरलो. उद्या फाडतो.

६ जून

सुनीलने दाढी केली. मी करणार नाही. म्हणजे चप्पल घालणार नाही. भाऊ आज ना उद्या मंत्री होतील. फेरबदल असतो, विस्तार असतो. पाच वर्षं आहेत. सगळं गाव विकलं गेलं तरी आदिनाथ विकला जाणार नाही. हे ठळक लिहून ठेवतो.

कृषी केंद्रापुढे आजही पाणी ओतलेलं. दिशा बाहेर आली. अजून अनवाणीच का, विचारलं. मी म्हणालो, शब्द म्हणजे शब्द. ती हसली. खूप वेळ बघत राहिली आणि हसली.

भाऊ मंत्री झाले नाहीत म्हणून हसली. वडिलांवर गेलीय. जिव्हारी लागलं.

७ जून

भाऊंच्या ऑफिसातून फोन. रविवारी आप्पांचा नागरी सत्कार, भाऊंच्या अध्यक्षतेखाली. भाऊंचा निरोप असा की त्या अनवाणी पोराला आणा, आप्पांच्या हस्ते चप्पल घालू, दोन्ही पक्ष एकदिलाने आहेत असा मेसेज जाईल. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं.

ठरलं. स्टेजवर जायचं. आप्पा चप्पल घालायला वाकले की पाय मागे घ्यायचा. माइक धरायचा. म्हणायचं, या पेंडचोराच्या हाताची चप्पल मी घालणार नाही. मग भाऊंकडे बघायचं आणि गप्प राहायचं. गप्प राहणं फार परिणामकारक असतं. भाषण आरशापुढे पाठ केलं. आईने विचारलं, कुणाशी भांडतोय.

८ जून

श्रीमंतकाका आमच्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा.

अण्णांना म्हणाले, पोरगं जिद्दी हाय, आप्पांच्या नजरेत भरलंय, उद्या आप्पांनी चप्पल घातली की आप्पांचा मानूस झाला. मग आमच्या दिशाचं बोलू. आप्पा त्याला दिल्लीच्या ऑफिसात चिकटवत्याल. मी चहा आणला, दोन चमचे साखर जास्त घालून.

काल लिहिलेलं पुन्हा वाचलं. त्यात भावनेचा भाग जास्त होता. परिपक्व माणूस परिस्थिती बघतो. पाय मागे घेतला तर दिशाच्या वडिलांचा अपमान, म्हणजे दिशाचा अपमान. आणि चप्पल ही शेवटी चप्पल असते. घालायची आणि आतून विरोध चालू ठेवायचा. हे शरण जाणं नाही, हे डावपेच आहेत. दिशाला हे बरोबर कळेल. तिला मी कळतो.

९ जून

झालं.

स्टेजवर भाऊ आणि आप्पा एकाच सोफ्यावर, एकमेकांच्या हातात हात. खाली तेच गाव, त्याच टाळ्या. माझं नाव पुकारलं, सुनीलने. सूत्रसंचालन आता तोच करतो. म्हणाला, आप्पांसाठी अनवाणी राहिलेला मावळा. आप्पांसाठी. मी माइककडे बघितलं. मग श्रीमंतकाकांकडे बघितलं. मग खुर्चीत बसलो.

आप्पा वाकले. चप्पल एक नंबर लहान होती, अंगठा आत जाईना. फोटोग्राफर म्हणाला, तसंच धरा. तेवढ्यात आप्पा माझ्या कानाशी आले.

"पेंडचोर म्हनायचा त्यो आवाज तुजाच ना रं? चांगला हाय. आता आपल्यासाठी लाव."

मी म्हणालो, "हो, आप्पा."

एवढंच. पाठ केलेलं भाषण राहिलं. तशी वेळही नव्हती, पुढे सत्कार बरेच होते.

दिशा आजीला न्यायला आली होती. मी पाय पुढे करून तिला हात केला. तिने आजीला जेवणाच्या पंगतीतून अर्ध्यात उठवलं आणि नेलं. छबूबाई ओरडत होत्या की बुंदी राहिली. सगळ्यांसमोर कशी थांबणार. संकोच.

१० जून

सकाळी काकांच्या घरी गेलो. अण्णा आलेच नाहीत, म्हणाले तुझं तू बघ. काका ओसरीवर, सोबत सुनील, आता मध्यस्थ. काकांनी 'या जावईबापू' म्हटलं. मी ही हाक मनात हजार वेळा ऐकलीय. दिशा आतून म्हणाली, बाबा, आधी मला दोन मिनिटं बोलू द्या. मला आत बोलावलं.

मी सुरुवात केली. डावपेच, परिपक्वता, आतून विरोध. तिने पुरं ऐकून घेतलं. मग बोलली. शब्द न शब्द लिहितोय, कारण मला त्यात बदल करता येत नाहीये.

"तू अनवाणी फिरायचास तेव्हा सगळे हसायचे. मीपण हसले. पण मला वाटलं, गावात एक तरी आहे, जो बोलला तसा राहिला. रस्त्यावर पाणी काय मी धुळीसाठी ओतत होते? बाबांना तुझं सांगणार होते मी. त्यांच्याशी भांडून सांगणार होते."

मी म्हणालो, मग आता तर भांडायचीही गरज नाही, काका तयार आहेत.

"म्हणून तर नको. तू त्यांच्यासारखाच झालास. तसे एक बाबा आहेतच मला घरात."

ओसरीवर काका पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सोडत होते आणि सुनील विचारत होता, झालं का बोलून. ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी उठलो. बाहेर ओसरीवर आलो आणि मागे दार ओढून घेतलं.