ट्रंकेतलं कार्ड

॥ श्री ॥

डमडम, कलकत्ता
ता. १२ फेब्रुवारी १९५६

चि. मनोहर यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि तिळगूळ पोचला. लाडवांचा वाटेत चुरा झाला होता, पण लीनाने तो चमच्याने खाल्ला आणि मामा कधी येणार म्हणून अर्ध्या बंगालीत विचारलं. नेहमीप्रमाणे याही पत्रावर श्री नाही. अरे, श्री नसलेलं पत्र पोस्टमनने हातात ठेवलं की कोण गेलं म्हणून काळजात धस्स होतं. मास्तर झालास, तरी एवढं कळू नये? बाबा असताना तुझं पत्र आधी मागून घ्यायचे, बऱ्या राहिलेल्या डाव्या हाताने पेन्सिलीने वर वेडावाकडा श्री काढायचे आणि मगच मला वाचायला सांगायचे. मला वाटायचं, म्हातारपणचा चाळा.

मी थकले रे. तीन वर्षं अंथरुणावरच्या माणसाचं केलं त्याबद्दल तक्रार नाही, बाप होता. पण ते गेल्यावरही आवराआवर संपत नाही. परवा त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. लढाईतल्या नोकरीचे चाळीसेक कागद निघाले, सगळे इंग्रजी आणि निम्मी नुसती आद्याक्षरं. यांनी दोन दिवस डोकं खपवलं आणि हात टेकले. यांच्या ओळखीचे सुभेदार भालचंद्रराव फोर्ट विल्यममध्ये आहेत, त्यांना दाखवीन म्हणते.

खरं काम निराळंच आहे. फाल्गुन वद्य पंचमीला बाबांचं वर्षश्राद्ध. गेल्या वर्षी अग्नी यांनी दिला, जावई असून. तू आला नाहीस, मी चकार शब्द काढला नाही. पण या श्राद्धाला मुलगा हवा. मनातली अढी सोड आणि ये.

कळावे. पत्र टाक, लोभ मात्र टाकू नकोस.

तुझी,
ताई


सांगली
ता. २० फेब्रुवारी १९५६

ती. सौ. सुचित्राताईस मनोहरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. श्रीचं म्हणशील तर आई गेल्यापासून मी तो लिहीत नाही, आणि त्यावाचून माझी पत्रं कुठे अडली नाहीत.

आईच्या आजारात तू नागपूरला बाळंतीण होतीस, म्हणून तुला सगळं ठाऊक नाही. घरात तेरा वर्षांचा मी आणि अधूनमधून डोकावणाऱ्या शेजारच्या प्रतिभाकाकू. आई फार आजारी आहे, ताबडतोब या, असं कार्ड बाबांना मीच टाकलं. त्यानंतर आई एकोणीस दिवस होती आणि रोज गाडीची वेळ झाली का म्हणून विचारायची. तिला अग्नी मी दिला. बाबा उगवले ते पुढे पंधरवड्याने.

तेही मी गिळलं असतं. लढाई होती, रजा मिळाली नसेल. पण दोन वर्षांनी मिरजेकडचा एक शिपाई नारळ घेऊन दारात आला. बाबांनी स्वतःची मिळालेली रजा त्याला दिली, म्हणून त्याला त्याची आई भेटली, असं सांगून तो बाबांच्या पाया पडला. मी बाबांना विचारलं, हे खरं का. ते हो म्हणाले आणि खाली बघत राहिले. त्यापुढे एक अक्षर नाही.

आता मी काय म्हणून पिंड घालू? भाऊजींनीच करावं. कागद चुलीत घाल आणि तूही जरा विश्रांती घे. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
मनोहर


॥ श्री ॥

डमडम
ता. ४ मार्च १९५६

चि. मनोहर यास आशीर्वाद, विशेष.

काय लिहावं कळत नाही. काल ट्रामने एस्प्लनेडला उतरले आणि मैदानाच्या कडेने पायी किल्ल्याच्या दरवाजापर्यंत गेले. तासभर बाकावर बसवून ठेवलं, मग भालचंद्रराव आले. फार सज्जन माणूस. चहा मागवला आणि एकेक कागद समजावून सांगितला. बाबा आसामात रसदीच्या डेपोत हवालदार होते, वगैरे.

त्यात रजेचा अर्ज आहे, ९ फेब्रुवारी १९४४ चा. त्यांच्या तुकडीत नियम असा होता की घरचं माणूस मरणाच्या दारात असेल तर तातडीची रजा, गेलेलं असेल तर पाळीप्रमाणे. साहेबाने बाबांना तातडीची रजा दिली होती, रेल्वेचा पाससुद्धा तयार होता. तिथून सातव्या दिवशी घर. पण खाली बाबांच्या हाताने लिहिलंय की पत्नी वारली आहे, आता तातडी उरली नाही, ही रजा अमक्या शिपायाला द्यावी, त्याची आई अजून जिवंत आहे.

मनोहर, आई गेली २१ तारखेला. त्यांनी तिला बारा दिवस आधीच मारून टाकलं. भालचंद्ररावांनी दोनदा वाचून दाखवलं, तरी मी तिसऱ्यांदा विचारलं. येताना उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसले.

अर्जाच्या पाठीवर एक कार्ड पालथं चिकटवलेलं आहे. ओलं करून सोडवावं लागेल, पण आता मला त्यात उत्साह नाही. तीन वर्षं ज्यांचं केलं ते कोण होते, असं वाटायला लागलंय. लपवून ठेवणार होते, पण तुझ्यापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी?

कळावे. दोघांत एक तरी शहाणं राहू या.

तुझी,
ताई


सांगली
ता. ९ मार्च १९५६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

जिवंत बाईला मेली म्हणून लिहिलं, आणि ती इकडे गाडीची वाट बघत होती. यापुढे श्राद्धाचं नाव माझ्याजवळ काढू नकोस. मुलांना गोड पापा.

मनोहर


॥ श्री ॥

डमडम
ता. १७ मार्च १९५६

चि. मनोहर यास अनेकानेक आशीर्वाद, विशेष.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे म्हणाले, कळवू नये, पोराला जन्मभर लागून राहील. पण बाबांनी तोच विचार केला आणि नऊ वर्षं तुझा अबोला सोसला. मला तेवढं बळ नाही.

ते कार्ड सोडवलं. ते तुझं आहे, २ फेब्रुवारीचं, शाळकरी अक्षरातलं. आई फार आजारी आहे, ताबडतोब या. सोबत पाठवते. वरची जागा बघ. तिथे श्री नाही.

आपल्याकडे माणूस गेलं तरी परगावच्या माणसाला ते उघड कोण लिहितं? फार आजारी आहे, या, एवढंच लिहितात आणि श्री गाळतात. वाचणाऱ्याने काय ते समजायचं. बाबा समजले. साहेबाने मजकूर वाचून रजा दिली, बाबांनी कोरी जागा वाचून ती परत केली. घरी आल्यावर त्यांना कळलं असेल की आई त्यांची वाट पाहत होती. कार्ड कुणी लिहिलं तेही माहीत होतं. तुला एकदा सांगितलं असतं तर ते सुटले असते. त्याऐवजी दर पत्रावर पेन्सिलीने तुझा श्री भरत बसले.

तू पोर होतास. घाईत राहिलं असेल. तुला दोष देत नाही, देणाऱ्यालाही देऊ देणार नाही. श्राद्ध ३१ तारखेला आहे. यायचं की नाही ते तू ठरव, मी आता आग्रह करत नाही.

कळावे. जेवत जा. जीव तुझ्यापाशी आहे.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

सांगली
ता. २२ मार्च १९५६

ती. सौ. ताईस मनोहरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

शाळेतून रजा घेतली आहे. २७ ला निघतो, ३० ला हावड्याला पोचेन. भाऊजींना उतरवून घ्यायला येण्याची तसदी नको.

तू लिहितेस, घाईत राहिलं असेल. नाही, ताई. घाईत राहिलं नव्हतं. प्रतिभाकाकू एकदा म्हणाल्या होत्या की श्री नसलेलं पत्र आलं की माणूस हातातला घास टाकून निघतो. त्याचा अर्थ काय ते मला पुरतं कळत नव्हतं. बाबा लवकर निघावेत, एवढंच हवं होतं. आधी मी श्री लिहिला होता. मग ते कार्ड फाडलं, आईच्या उशाखालून दुसरं घेतलं आणि मुद्दाम तो गाळून लिहिलं.

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. बाबांनी घाई करावी म्हणून मीच त्यांना थांबवलं, आणि त्यांच्यावरच रागावून बसलो. त्यांनी मला रागावू दिलं.

पिंडाची तयारी करून ठेव. भटजींना सांग, मुलगा येतो आहे. आणि माझ्या जुन्या पत्रांचा गठ्ठा टाकला नसशील तर काढून ठेव. मला ते पेन्सिलीचे श्री बघायचे आहेत.

वर श्री आधी लिहिला, मग बाकीचं पत्र. हातात घेताना धस्स होऊ देऊ नकोस.

तुझा,
मनोहर