रिकाम्या चर्चमधली ऊब

स्कारवे बेट, ११ जानेवारी

चि. ऊनास अनेक आशीर्वाद.

नर्सबाई येऊन गेल्या. आईचं श्वासाचं यंत्र अखंड चालायला हवं. म्हणून फेब्रुवारी संपेपर्यंत बेटावरची वीज एकदाही गेली नाही, तरच त्या तिला तुझ्याकडून इथे घरी येऊ देणार. वीज सांभाळायचं काम माझ्याकडे, तेव्हा माझी झोप उडालीय हे वेगळं सांगायला नको.

वारा पडलाय, पवनचक्क्या थंड आहेत. बॅटऱ्या उतरून धक्क्यावरचा दिवा हिरव्याचा लाल झाला की सगळे आपणहून वीज वापरताना हात आखडतात. मर्डोमामा तर अंधारात दाढी करतो आणि कापलेली हनुवटी दाखवत म्हणतो, बहिणीला कळव, तुझ्यासाठी रक्त सांडलं. आईवर फार रागवू नकोस.

तुझी ताई,
मार्सली

ग्लासगो, २० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावते तीच. काल मी दिवा तसाच ठेवून खोलीबाहेर गेले, तर धापा टाकत उठून तिने तो मालवला. शिवाय तिला कुणीतरी सांगितलंय, की बेटावरच्या रिकाम्या चर्चमध्ये हीटर चालू असतात. देवाला थंडी वाजते का, म्हणून मामाला रोज फोनवर झापते. माझं ती ऐकेल तर शपथ!

तिला घरी पोचवायचंय ते ओझं झालंय म्हणून नव्हे. इथल्या खिडकीतून समोरची भिंत दिसते, आणि तिच्याकडे बघत ती मला भरती आली का विचारते.

धाकटीवरचा लोभ कमी करू नकोस.
ऊना

स्कारवे बेट, ३ फेब्रुवारी

चि. ऊनास अनेक आशीर्वाद.

वीज गेली गं. शनिवारी वादळ झालं. पवनचक्क्या भरधाव, बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या, आणि दिवा हिरवा असूनही सगळं बेट आईसाठी म्हणून चहासुद्धा न करता बसलेलं. अशी जास्तीची वीज कुठेतरी खपवावी लागते. ती चर्चच्या हीटरमध्ये जाते, म्हणूनच ते चालू असतात. मामाने आईच्या धाकाने नेमके तेच बंद केले. विजेला जायला जागा उरली नाही, आणि यंत्रणा आपली आपण बंद पडली.

मामा दारात उभा राहून रडला. मला रागावता येईना. वाचवायला आईने आम्हा सगळ्यांना शिकवलं. वापरायला कुणी शिकवलंच नाही.

नर्सबाईंना मीच कळवलं. आता अख्खा मार्च, म्हणाल्या. ठीक आहे, मार्च तर मार्च. हीटरच्या बटणांना कुलूप घातलंय. दिवा लाल असेल तर हात आखडायचे. हिरवा असेल तर धुणी, इस्त्री, पाव भाजणं. मामाला इस्त्री दिलीय. तो शेजारणीचे पडदेही सोडत नाही, आणि शेजारीण खुशीत आहे.

आईला सांग, तिला आणल्याशिवाय मी राहत नाही.

जिवाला जपा दोघी.
मार्सली

ग्लासगो, ४ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

नर्सबाईंचा होकार आला! मार्चमधल्या वादळांतही तुझी वीज टिकली. आम्ही गुरुवारच्या बोटीने निघतो.

वीज का गेली ते कळल्यापासून आईने चर्चचं नावही काढलं नव्हतं. आज कपडे भरताना तिने निरोप सांगितला. लहानपणापासून ती त्या चर्चमध्ये कोट घालून बसत आलीय. या रविवारी दिवा हिरवा असेल तर कोट काढून बसणार, लाल असेल तर घालून. दोन्हीला तिची तयारी आहे.

बाकीचं धक्क्यावर बोलू.
तुझी ऊना