धार तुटता कामा नये

कर्किडकम २

कर्किडकम महिना लागला आणि दुसऱ्याच दिवशी, आज सकाळी, माझं आयुष्य बदललं. जीपमधून आधी रुग्णाचे पाय बाहेर आले, मग रुग्ण, मग त्याच्या चपला हातात धरून हैमवती.

मी अंगणात निर्गुडीचा पाला निवडत बसलो होतो. उठलो. पाला सगळा खाली! वेलायुधन लगेच म्हणाला, "काय रे अर्ध्या वैद्या, जमिनीला संधिवात झालाय का? तिला पाला बांधतोयस?"

हा वेलायुधन माझ्या जन्माआधीपासून मामांच्या वैद्यशाळेत तेल चोळतो. मला अर्धा वैद्य म्हणतो, कारण आयुर्वेदाचं कॉलेज मी मधेच सोडलं. सोडलं म्हणजे – सरांनी रुग्णासमोर मला गाढव म्हटलं, मी त्यांना तेच परत म्हटलं. त्यांनी माफी मागायला सांगितलं. मी तेच पुन्हा म्हटलं. मग मामांकडे आलो.

हैमवती कॉलेजशेजारच्या टायपिंग क्लासला यायची. आमची बस एकच. एकदा उतरताना मी तिला सांगून टाकलं, "तुझ्या वडिलांना भेटून विचारणार आहे." ती म्हणाली, "आधी पास तर हो." म्हणजे होच की! फक्त पास झाल्यावर.

आता वडीलच आलेत.

कुमारन मास्तर. शाळेत गणित शिकवायचे. उजवा हात, उजवा पाय गेलेला, जीभ जड. मामांनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि चहा निवेपर्यंत नुसते प्रश्न विचारले. झोप कुठल्या कुशीवर लागते? पोट साफ होतं का? ताक आवडतं का? चिडचिड पहिल्यापासून की आजारानंतर? उत्तरं हैमवतीच देत होती. शेवटच्या प्रश्नाचं मास्तरांनी स्वतः दिलं – "पयल्याफाशून."

मामा म्हणाले, "हात परत देतो असं मी म्हणणार नाही. प्रयत्न करतो. पण पथ्य पाळावं लागेल."

मामांचं पथ्य म्हणजे नुसतं मीठ-मिरची नाही. उपचार जितके दिवस चालतील तितके, आणि ते संपल्यावर परत तितकेच दिवस – रुग्णाने रागवायचं नाही, रडायचं नाही, ओरडायचं नाही. आणि घरच्यांनी त्याला कशालाही "नाही" म्हणायचं नाही. तो म्हणेल ते हो.

"काहीही मागितलं तरी?" हैमवतीने विचारलं.

"कैरीचं लोणचं सोडून."

तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. एवढं न बघणं मुद्दाम केल्याशिवाय होत नाही.

कर्किडकम ३

पाऊस. काढा उतू गेला. मामी बोलली.

कर्किडकम ५

वेलायुधन तापाने पडला. चोळायला आणखी दोघे आहेत, पण धार धरायला त्यांचा हात बसलेला नाही. मामा म्हणाले, "उदयन, मडकं तू धर."

मी!

मास्तरांना लाकडी द्रोणीत उताणं निजवायचं. कपाळावर कापडाची वळी, डोळ्यांवर कापूस. वर मडकं टांगलेलं, त्याच्या तळाच्या भोकातून सुताची वात, वातीवरून कोमट तेलाची करंगळीएवढी धार कपाळावर. मी डोक्यामागे बसून मडकं हलकेच डावीकडे-उजवीकडे न्यायचं. धार तुटता कामा नये. उंची बदलता कामा नये. बोलायचं नाही. आणि एकदा ज्याने सुरू केली त्यानेच शेवटच्या दिवसापर्यंत करायची, मधे हात बदलायचा नाही.

इथपर्यंत ठीक. पण मामांचा आणखी एक नियम – सकाळी कुणाशी भांडून आलेल्या माणसाने मडक्याला हात लावायचा नाही. त्याचा राग तेलात उतरतो म्हणे!

मी म्हटलं, "याला आधार काय? कुठल्या ग्रंथात आहे?"

मामा म्हणाले, "झालं. आज नको. उद्यापासून कर."

कर्किडकम ६

कुणाशी भांडलो नाही. मामीने मुद्दाम आळणी उपमा दिला असेल, तरी गप्प खाल्ला.

धार धरली. मनगट सुन्न झालं, पण तुटली नाही. शेवटी मास्तरांच्या टाळूवर चूर्ण चोळलं. हैमवती पेजेची वाटी घेऊन दाराशी उभी होती. म्हणाली, "जमतंय की."

दोन शब्द! कॉलेजात तीन वर्षांत कुणी एवढं म्हटलं नव्हतं.

कर्किडकम ८

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर डोकं फुटेल.

धारेत रुग्णाने बोलायचं नसतं. पण मास्तरांना गप्प बसा म्हणणार कोण? त्यांना "नाही" म्हणायचं नाही! डोळ्यांवर कापूस, त्यामुळे मागे वेलायुधनच बसलाय अशी त्यांची समजूत. जीभ अजून जड. निम्मे शब्द तेलातच विरघळतात. पण मी प्रत्येक शब्द ऐकला.

"वेलायुधा, पोरीला स्थळ आलंय. मुलगा शारजात असतो, कोल्ड स्टोरेजमध्ये. काल तिला सांगितलं. मला वाटलं भांडेल. लहानपणी पाट्या फोडायची ती! खरं सांगू? मला नकोच आहे ते स्थळ. फार लांब. ती नुसतं नाही म्हणाली असती ना, तरी मी तिथेच मोडलं असतं." मी मडकं डावीकडे नेलं. "एका शब्दात हो म्हणाली रे. आता मी काय बोलू?"

धार सरळ होती. माझ्या कानात मात्र भाताची गिरणी चालू झाली होती.

म्हणजे बघ! बापाला स्थळ नको. त्याला वाटतं लेकीला हवंय. आणि लेकीने हो का म्हटलं? पथ्य! मामांनी सांगितलंय ना – रुग्ण म्हणेल ते हो. मास्तर उद्या म्हणाले असते विहिरीत उडी मार, तर ती हो म्हणून दोर आणायला गेली असती. दोघं एकमेकांना जपतायत आणि नवरी चालली शारजाला!

हे फक्त मला माहीत आहे. आणि मला बोलायची बंदी आहे.

तडक मामांकडे गेलो. ते खलात औषध घोटत होते.

"हैमवतीचं लग्न ठरतंय, माहीत आहे?"

मामांचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"मास्तरांनी. धारेत."

"धार?"

"सरळ."

मामा परत घोटायला लागले. मी सगळं सांगितलं – मास्तरांना नकोय, तिला नकोय, एका वाक्यात सुटेल, मी जाऊन सांगतो.

"सांग ना," मामा म्हणाले. "आत्ता जा. मास्तर आधी तुझ्यावर ओरडतील, मग तिच्यावर, मग रडतील. मग त्यांचा डावा हातही उचलावा लागेल, तो तू उचल."

"मग कधी सांगू?"

"पथ्य संपल्यावर."

"पथ्य पुढच्या महिन्यात, चिंगममध्ये संपतं! कर्किडकात कुणी शुभकार्य करत नाही, पण चिंगम लागला की तो शारजावाला दारात उभा राहील!"

"आवाज," मामा म्हणाले. "उद्या मडकं धरायचंय ना?"

कर्किडकम ९

तिच्याशी बोललो. मागच्या अंगणात तांदूळ धूत होती.

"तू हो का म्हणालीस, मला माहीत आहे."

ती दचकली. खरंच दचकली. "माहीत आहे?"

"पथ्य."

ती माझ्याकडे बघत राहिली. तांदळाचं पाणी पायावर सांडलं तरी बघत राहिली. मग म्हणाली, "हं. पथ्य."

"काळजी करू नकोस. मी बघतो."

"उदयन, धार कशी चाललीय?"

"सरळ."

"तशीच चालू दे. बाकी काही बघू नकोस."

बाकी काही बघू नकोस! बापावर एवढी माया असलेली मुलगी मिळायला भाग्य लागतं. मी म्हटलं, चालेल. थांबतो.

कर्किडकम १०

थांबलो.

कर्किडकम १२

मास्तरांच्या उजव्या हाताची दोन बोटं हलली. मामांनी बघितलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाहेर गेले. विहिरीवर जाऊन विनाकारण बादलीभर पाणी काढून आले.

जीभही सुटतेय. आजचा पहिला स्वच्छ शब्द "माकडा". पेज गार होती म्हणून वाढणाऱ्याला म्हणाले. सगळ्यांना इतका आनंद झाला की त्यांना परत म्हणायला लावलं.

वेलायुधनचा ताप उतरला. मडकं मात्र माझ्याकडेच. सुरू करणाराच संपवतो.

कर्किडकम १४

एक गोष्ट लक्षात आली. हल्ली घरात मला कुणी टाकून बोलत नाही. काल मी धन्वंतरम तेलाची बाटली फोडली. मामी म्हणाली, "असू दे रे, बाटलीच ती." पानात पापड दोन! वेलायुधनने अर्धा वैद्य म्हणणं सोडलंय, चक्क "उदयन" म्हणतो. संध्याकाळी रामायण वाचताना मी दोन पानं गाळली, कुणी हूं की चूं केलं नाही. परत कॉलेजला जाऊन पास होईन म्हटलं, तर मामा "होशील" म्हणाले.

मी बदललो असणार. शांत माणसाला लोक मान देतात.

हैमवतीशी रोज दोन-चार वाक्यं होतात. मी सांगतो आज मास्तरांचा पाय किती हलला. ती ऐकते. काल म्हणाली, "तुझ्यामुळे." मग आत निघून गेली. डोळे ओले असावेत. चुलीचा धूर नव्हता.

कर्किडकम १७

शारजावाल्याचा मामा येऊन गेला. राघवन नाव. बिस्किटांचा डबा, बॅटरी आणि अत्तराची कुपी घेऊन. "कर्किडकात लग्नाचं बोलायचं नाही, तेव्हा मी लग्नाचं बोलायला आलेलो नाही," म्हणाला आणि उठेपर्यंत लग्नाचंच बोलला.

मामी मला सारखी बाहेर पिटाळत होती. आधी केळीची पानं, मग सरपण, मग शेजारी जाऊन विळी. विळ्या आमच्या घरात दोन आहेत! परत आलो तेव्हा राघवन आमच्या मामांना सांगत होता – "मुलगी मोठी हुशार हो! तिनेच निरोप धाडला, चिंगम लागला की दुसऱ्याच दिवशी या, उशीर नको. मुलाने तिच्यासाठी टायपिंगची नोकरीसुद्धा बघून ठेवलीय."

खोटारडा! तिनेच निरोप धाडला म्हणे! विळी माझ्या हातात होती. मामीने ती काढून घेतली आणि मला ताक दिलं.

उद्या धारेचा शेवटचा दिवस. मी ठरवलंय. उद्या मास्तर द्रोणीत पडले, डोळ्यांवर कापूस ठेवला, की मी सगळं बोलणार. "मास्तर, तुमच्यामागे वेलायुधन नाही, मी आहे. तुमच्या लेकीला तिकडे जायचं नाही." रागवायचं तर रागवोत. बोटं हलतायत, जीभ चालतेय – एवढा धक्का सोसतील. आणि न सोसला तर? मामांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. पण मग मी काय करू? आयुष्य माझंही आहे! हो, बोलणार.

कर्किडकम १८

सकाळी स्वयंपाकघरात गेलो. मामी चुलीपाशी, हैमवती पेज ढवळत होती. म्हटलं, आधी तिला सांगावं. सांगितलं – आज मी मास्तरांशी बोलतो.

तिने पळी खाली ठेवली.

"नको बोलूस. मी मनापासून हो म्हटलंय, उदयन. मला जायचंय. निरोपही मीच पाठवला. हो म्हटलं त्याच दिवशी वैद्यांना सगळं सांगितलं, बसमधलंसुद्धा. ते म्हणाले, मडकं त्याच्या हातात आहे, धार संपेपर्यंत त्याला दुखेल असं घरात कुणी काही बोलायचं नाही. पथ्य माझ्या वडिलांपेक्षा तुझंच जास्त पाळलं सगळ्यांनी. उद्या मी तुला सांगणार होते."

मामी विस्तव सारखा करत राहिली. सारखाच होता तो.

द्रोणीच्या खोलीत गेलो. वेलायुधनने मडक्याकडे हात नेला होता. माझ्याकडे बघून मागे घेतला. मामांनी विचारलं, "कुणाशी भांडलास?"

"नाही."

खरंच नव्हतो भांडलो.

मास्तरांच्या डोळ्यांवर कापूस ठेवला. मडकं धरलं. मास्तर सगळा वेळ बोलत होते – शारजात उकाडा फार असतो का रे, पोर राहील ना तिथे, वेलायुधा, काहीतरी बोल. धारेत बोलायचं नसतं. बोललो नाही.

धार तुटली नाही.

तेल निथळलं, डोकं पुसलं, टाळूवर चूर्ण चोळलं. उठताना मास्तरांनी माझं मनगट धरलं, उजव्या हाताने. पकड अजून कच्ची आहे. "पोर सुखी होईल ना रे?" म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

बाहेर आलो. ओल्या डोक्याला वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतलं.