नेड हार्बॉटलचे तीन लीक

प्रिय एव्हिस,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. नाताळचं कार्ड सोडलं तर आपण एकमेकींना एक ओळही लिहिलेली नाही, आणि कार्डावर तरी काय असतं, दोन नावं. माझा नवरा जॉर्ज गेल्यावर मी वेदरिगला परत आले, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. आपल्या दोघींच्या घरांची रांग अजून उभी आहे, पण दारात आता मोटारी असतात आणि उंबरे कुणी घासत नाही. खाणीच्या जागी गवत आहे, त्यावर लोक कुत्री फिरवतात. हे पत्र मात्र गावाबद्दल नाही. तुझ्या वडिलांबद्दल आहे, आणि त्यांच्या नावावर एकोणसाठ वर्षं बसलेल्या डागाबद्दल. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

परवा माझा नातू विचारत होता, “आजी, लीकसाठी, त्या कांद्याच्या पातीसारख्या भाजीसाठी, माणसं खरंच भांडायची?” त्याला काय सांगणार? रेल्वेपलीकडच्या बागा त्यानं पाहिलेल्या नाहीत. आठवडाभर जमिनीखाली अंधारात वाकून कोळसा फोडणारी माणसं वर आली की त्या वाफ्यांसमोर कशी बसायची, ते आपण पाहिलं आहे. माझ्या बाबांचे लीक आठवतात? मनगटाहून जाड, दुधासारखे पांढरे बुंधे आणि वर निळसर पात. खताला काय घातलं ते माणूस बायकोलाही सांगायचा नाही. घरात खायचे लीक फाटकाजवळ, दर सप्टेंबरला खाणकामगारांच्या क्लबात भरणाऱ्या प्रदर्शनाचे भिंतीकडे, आणि त्या भिंतीकडे पोरांनी फिरकायचंसुद्धा नाही. आपल्या गावची पोरं सफरचंदं पळवत, कोळसा पळवत, पण प्रदर्शनाच्या लीकला हात लावणं म्हणजे चर्चच्या वेदीवर चढून नाचण्यासारखं होतं.

माझे बाबा आणि तुझे वडील खाणीत जोडीनं काम करायचे. मी त्यांना विल्फकाका म्हणायचे आणि तू माझ्या बाबांना नेडकाका. दोघांच्या बागांमध्ये फक्त एक तारेचं कुंपण होतं, आणि त्यावरून दिवसभर शेरेबाजी चालायची. “नेड, तुझे लीक आजारी दिसतात रे, डॉक्टर बोलावू का?” “विल्फ, तुझे आधी दिसू दे तरी, भिंग आणतो घरून!” आपण दोघी पालथ्या बादल्यांवर बसून मटार सोलायचो, अर्धे सोलायचो, अर्धे खायचो. तेवढं सुख मला नंतर कुठल्याच बागेत मिळालं नाही.

सत्तावन्न सालचा सप्टेंबर. प्रदर्शनाआधी कुणी दावा साधून लीक कापू नये म्हणून पुरुष रात्री बागेतल्या खोपटात झोपायचे, तसे बाबाही आठवडाभर तिकडेच होते. खाणीतून आले की अंघोळ, जेवण, आणि चालले. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला, कॉलिनला डांग्या खोकला झाला होता. दीड वर्षाचं पोर निळं पडेपर्यंत खोकायचं आणि आई एकटीच त्याला घेऊन फेऱ्या मारायची. मला ते सगळं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. बुधवारी दुपारी कपडे पिळताना आई स्वतःशीच बोलली, “त्या लीकांची करतो तेवढी काळजी पोराची केली असती, तर बरं झालं असतं.” मी नऊ वर्षांची होते. मला ते गाऱ्हाणं वाटलं नाही. मला तो उपाय वाटला.

बाबा खाणीत होते. बागेची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असायची. मी पाव कापायची सुरी एप्रनमध्ये घेतली, गेले आणि भिंतीकडचे ते तीन, प्रदर्शनात मांडायचे तीन, मधोमध कापले. कचकच आवाज झाला आणि हाताला उग्र वास आला. कुलूप नीट लावून घरी आले, सुरी धुतली. एव्हिस, मला रडू आलं नाही की भीती वाटली नाही. घरातलं एक काम उरकल्यासारखं वाटलं. आणि सांगायला लाज वाटते, पण बेत अगदी माझ्या मनासारखा पार पडला. त्या रात्री बाबा बागेतून लगेच परत आले आणि घरीच राहिले. चुलीकडे एकटक बघत बसले, आणि कॉलिन त्यांच्या छातीवर शांत झोपून गेला.

मग शुक्रवार आला. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोनच, एक आमच्या खिळ्याला आणि दुसरी बाबांनी विश्वासानं विल्फकाकांना दिलेली. त्यात बोट चेचल्यामुळे काका त्या आठवड्यात कामावर नव्हते, दिवसभर शेजारच्या बागेत बसून होते. दुसरं कुणी तिथे आलेलंच नाही, असं ठरलं. क्लबच्या समितीनं त्यांना उभं केलं. त्यांनी एवढंच सांगितलं, “मी कापले नाहीत. याउपर मला काही बोलायचं नाही.” त्यांचं नाव प्रदर्शनाच्या यादीतून खोडलं गेलं. बाबांनी साहेबाला सांगून दुसरा जोडीदार मागून घेतला. क्लबात तुझे वडील बसले की शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, आणि पुढे त्यांनी जाणंच सोडलं.

शाळेच्या पटांगणात पोरांनी तुझ्याभोवती कडं केलं होतं. “लीककाप्याची पोर! लीककाप्याची पोर!” मी ओरडत नव्हते, पण त्या कड्यात उभी होते. तू मला बघितलंस. नंतर धुण्याच्या खोलीमागे तू मला म्हणालीस, “मी त्यांना तोंडावर विचारलं, तुम्हीच कापलेत ना? ते नुसते बघत राहिले. म्हणजे त्यांनीच ना, थेल्मा?” मी म्हणाले, “मला काय ठाऊक.” आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण हिशेब द्यावा लागलाच तर त्या तीन शब्दांचा द्यावा लागेल. सतरा वर्षांची झाल्यावर तू प्लिमथला गेलीस. वर्षातून एकदा अर्ध्या दिवसासाठी यायचीस आणि कोट न काढता चहा घ्यायचीस, हे मला माझ्या आईच्या पत्रांतून कळायचं. बाबांना मी सांगणार होते. आधी धीर झाला नाही, मग बाबा राहिले नाहीत.

दर गुरुवारी मी चर्चमागच्या वृद्धाश्रमात चहाची गाडी फिरवते. मार्चमध्ये विल्फकाकांना तिथे आणलं. पहिले सहा गुरुवार मी त्यांच्या कपात साखर घालून पुढे सरकत राहिले. सातव्या गुरुवारी खुर्ची ओढून बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, नर्स धावली. मग डोळे पुसून म्हणाले, “किती वर्षं लावलीस गं पोरी! मी कुंपणापाशीच होतो. फाटकातून बाहेर पडलीस तेव्हा सुरी अशी धरली होतीस, जशी काही आख्ख्या रांगेसाठी पाव कापून आलीस.” मी विचारलं, मग समितीपुढे बोलला का नाहीत? म्हणाले, “नऊ वर्षांच्या पोरीला त्या माणसांच्या तोंडी देऊ? मला वाटलं, नेडचा राग आठ दिवसांत उतरेल, मग त्याला एकट्याला गाठून सांगेन. तो काही उतरेना. आणि खरं सांगू? त्या वर्षी माझे लीक त्याच्यापुढे उभेच राहिले नसते. हरण्यापेक्षा चोर ठरलो, ते एका परीनं बरं.” तुला ते माहीत आहेतच, अशा वेळी त्यांना थट्टा सुचतेच.

मग मी विचारलं, निदान एव्हिसला तरी सांगायचं होतं. तेव्हा मात्र ते हसले नाहीत. कप फिरवत म्हणाले, “आधी लहान होती, शाळेत बोलून गेली असती. मग मोठी झाली, आणि तिनं पुन्हा कधी विचारलंच नाही.” मी म्हटलं, मी लिहिते तिला. तर माझा हात धरला. “नको. तिनं मला मनातल्या मनात माफ करून ठेवलंय, फार कष्टानं केलंय ते. आता ते कशाला वाया घालवतेस?” मला शब्द द्यायला लावला. मी दिला.

तो मी आज मोडते आहे. सोमवारी डॉक्टर येऊन गेले. छातीत कोळशाची धूळ आहे, ती आता पुढे जाऊ देणार नाही. फार तर दोन आठवडे, म्हणाले. नर्सनं तुला फोन केला तेव्हा मी चहा ओतत तिथेच होते. तू सांगितलंस, “संपलं की कळवा, सगळं करायला येईन.” तुला दोष कसा देऊ? असं म्हणणारी एव्हिस मीच घडवली आहे. पण ये, एव्हिस, आणि संपायच्या आधी ये. क्लबच्या सेक्रेटरीकडे काल मी सगळं लिहून, सही करून दिलं आहे. गावाचं गाव बघून घेईल. काका सकाळी दहा ते बारा नीट जागे असतात. शनिवारी दुपारी डरहमला उतरलीस तर माझा मुलगा गाडी घेऊन स्टेशनवर असेल. तो उंच आहे, टक्कल आहे, ओळखशील. मी गाडीत नसेन, आणि रविवारी सकाळी त्यांच्या खोलीतही नसेन. तिथे तुम्ही दोघंच असायला हवं. माझ्याशी बोलायचं की नाही, ते त्यानंतर ठरव.

तसं म्हणायचा हक्क मी गमावला आहे, तरी
तुझीच,
थेल्मा