एहसानच्या इंजिनाला उशीर का झाला

मु. विंझर

दोस्त एहसान यास गोरखचा रामराम आणि सलाम, दोन्ही. वहिनींचा गुडघा, पोराची नोकरी, रत्नागिरीची हवा, समदं ठीक असंल असं धरून चालतो. हितं आमी बरे हाओत.

तुझं पत्र पोचलं. इंजिन दुरुस्त झालं असंल तर एसटीच्या पार्सलनं धाड, नातीच्या वाढदिवसाला द्यायचंय, असं लिवलंस. (स्वतः येतो असं कुठं लिवलं न्हाईस. दोनदा वाचून बघितलं.) तर बाबा, इंजिन अजून झालेलं न्हाई. का ते ऐक.

तुझ्या अब्बांनी, मौलाली चाचांनी, जुन्या बाजारातनं रुळांसकट आणलेलं ते खेळण्यातलं वीतभर इंजिन. म्या जन्मभर विहिरीवरच्या पाच-साडेसात हॉर्सपॉवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरल्या, आन ही मोटार सुपारीएवढी! आतली तार केसाहून बारीक. पहिल्यांदा भरली ती म्या नुसतं शिंकलो तर तुटली. (हसू नकोस.) पुन्यांदा भरली. कार्बन झिजलेले, तर मिक्सरचे कार्बन कानशीनं घासून बसवले. गिअरमधलं ग्रीस वाळून गुळाच्या खड्यावानी झालेलं, ते रॉकेलनं धुतलं. एवढं करून करंट दिला, तर इंजिन निघालं पाठीमागं. वायरी उलट्या जोडल्या व्हत्या, दुसरं काय!

त्या नीट केल्या तवर आमची फुलाबाई मधी आली. भरलेली मोटार विहिरीत सोडताना नारळ, हळदकुंकू केल्याबिगार हिकडं कुणी बटण दाबत न्हाई, तुला ठावं हाय. ही बी मोटारच की, म्हणत बायकोनं चिमूट न्हाई, मूठभर हळदकुंकू वाहिलं आन वर नारळाचं पाणी शिंपडलं. इंजिन दोन हात गेलं आन कचकन् थांबलं. दात्यादात्यात कुंकवाचा चिखल! परत समदं उघडलं.

ल्हानपणी भोरला तुझ्या घरी हे खाटंखाली शिरलं की आपण दोघं पालथं पडून वाट बघायचो, पल्याडनं कधी निघतंय म्हणून. तुला रत्नागिरीला जाऊन तीन वर्सं झाली. लई आठवण येते रे. नसरापूरला गेलो की अजून तोंडातनं 'दोन कटिंग' निघतं, आन मग दोन्ही मलाच प्यावे लागतात.

तुझाच,
गोरख

ता. क. खोटं लिवलं. म्हंजी घडलं समदं तसंच, पन इंजिन दिवाळीपासनं झकास पळतंय. धाडलं तर तुला हिकडं यायला कारणच उरत न्हाई, म्हणून अडवून धरलं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी फुलाबाईनं हे वाचलं. "लेकराचं खेळणं अडवून बसलाय, लाज न्हाई वाटत?" म्हणाली, आन स्वतः डब्यात बांधून सकाळच्या एसटीनं धाडलं. पावती सोबत हाय. रूळ मात्र तिला घावले न्हाईत. कुठं ठेवलेत ते म्या सांगणार न्हाई. नातीला घेऊन ये.